मुरलेपणाची परीक्षा

‘मुरणे’ हे मराठीतील फार अर्थवाही क्रियापद आहे. पाणी जमिनीत मुरते, मीठ कैरीत मुरते, माणूस राजकारणात मुरतो. ‘येथे पाणी मुरते आहे’ असे कोणी म्हटले की ऐकणारा सावध होतो. ‘जुने होणे’ आणि ‘मुरणे’ यांत आपल्या भाषेने जो भेद केला आहे, तो मोठा मार्मिक आहे. जुने होणे प्रत्येक वस्तूच्या कपाळी लिहिलेलेच असते, मुरणे मात्र थोड्यांच्याच वाट्याला येते. जुनी झालेली पोळी शिळी म्हणवते आणि जुने झालेले लोणचे मुरलेले म्हणवते. काळ दोहोंवरून सारखाच गेला असता एकीला निंदा व दुसऱ्याला प्रतिष्ठा का लाभावी, या प्रश्नाचा विचार आम्ही या महिन्यात करणार आहोत. त्यासाठी आम्ही घेतलेले उदाहरण मात्र लोणच्याचे नसून द्राक्षाच्या तांबड्या मद्याचे, म्हणजे वाइनचे आहे.

हे वाक्य वाचून काही भगिनी मासिक मिटून ठेवतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांचा रोष अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गात अक्षरे गिरवता गिरवता गावातील दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या आणि ते लोण साऱ्या आंध्र प्रदेशात पसरले. जानेवारी १९९५ मध्ये राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती शिथिलही झाली. पाटीवर अक्षर उमटले की त्यातून काय काय उमटू शकते, याचा तो धडा शिक्षक या नात्याने आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा प्रारंभीच सांगतो : वाइनमध्ये शेकडा तेरा-चौदा भाग मद्यार्क असतो आणि तो इतर कोणत्याही दारूतील मद्यार्काहून निराळा नसतो. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. रसायनशास्त्रापुरता त्या वादाचा निकाल वरच्या वाक्यात आलाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. हे सर्व मान्य करूनच पुढे जाऊ. एखाद्या वस्तूविषयी जाणणे आणि ती वस्तू घराघरांत नेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. द्राक्षाचा रस मुरतो तो कशाच्या बळावर? आयुर्वेदाने सांगितलेल्या सहा रसांपैकी दोन येथे कामाचे आहेत : अम्ल आणि कषाय, म्हणजे आंबट आणि तुरट. द्राक्षाची साल आणि बी यांत तुरट द्रव्य असते. त्यालाच इंग्रजीत टॅनिन म्हणतात. कच्चे जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ जशी ओढल्यासारखी होते, तोच हा गुण. आपल्या लाळेतील प्रथिनांना हे द्रव्य चिकटते आणि तोंड कोरडे पडते. तरुण तांबडी वाइन या तुरटपणामुळे अनेकदा असह्य वाटते. वर्षे जातात तसतसे या तुरट द्रव्याचे कण एकमेकांशी आणि रंगद्रव्याशी जोडले जाऊन मोठे होतात आणि काही साक्याच्या रूपाने बाटलीच्या तळाशी बसतात. जांभळट रंग विटकरी होतो, ताज्या फळाचा वास मागे सरून सुके अंजीर, तंबाखूचे पान, कातडे, ओली माती असे वास पुढे येतात. आंबटपणा मात्र फारसा ढळत नाही. तोच त्या रसाचा कणा. द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टरिक होय आणि आपल्या चिंचेतील आम्लही तेच. तेलुगू मुलखात चार-पाच पिढ्या चिंचेच्या सारावर वाढलेल्या मराठी माणसाला हे आम्ल परके वाटण्याचे कारण नाही.

यावरून दिसेल की काळ पदरचे काही देत नाही, जे मुळात आहे त्याचेच तो रूपांतर करतो. ज्या रसात जन्मतः आंबटपणा नाही, तुरटपणा नाही, तो दहा वर्षे ठेवल्याने मुरत नाही, नुसता मरतो. युरोपातसुद्धा बहुतेक वाइन चार-दोन वर्षांत प्यायल्या जाव्यात म्हणूनच केलेल्या असतात. दीर्घकाळ राखण्याजोग्या थोड्याच. शार्ङ्गधरानेही जुनेपणाने गुण वाढतात असे सांगितले ते आसव, धातू आणि रसौषधी अशा मोजक्या द्रव्यांविषयी. सरसकट सर्व औषधे जुनी करा असे तो म्हणत नाही.

दक्षिण युरोपातील लोकांनी हे मुरणे कायद्यात बांधून टाकले आहे. इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांच्या मध्ये किआंतीचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या सीमा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने १७१६ साली आज्ञापत्राने आखून दिल्या. आज ‘किआंती क्लासिको’ या नावाच्या वाइनमध्ये शेकडा ऐंशी भाग तरी सांजोवेझे जातीचे द्राक्ष असावे लागते आणि ‘रिझर्व्हा’ म्हणवून घ्यायचे तर किमान २४ महिने मुरवावे लागते. सांजोवेझे या नावाचा अर्थ परंपरेने ‘जोव्हचे रक्त’ असा सांगतात. जोव्ह म्हणजे ज्युपिटर, अर्थात आपल्या वेदांतील द्यौष्पित्याचाच नामबंधू. स्पेनमधील रिओहा प्रांतात तेम्प्रानियो हे मुख्य द्राक्ष. ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर, हे द्राक्ष लवकर पिकते म्हणून ते नाव. तेथे ‘क्रिआन्झा’ म्हणवणारी तांबडी वाइन दोन वर्षांची असावी लागते, त्यांतील एक वर्ष ओकच्या पिंपात. ‘ग्रान रिझर्व्हा’ला मात्र पाच वर्षे हवीत, त्यांतली निदान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. आमच्या खात्यात बढतीचे नियम असतात, तसेच काहीसे हे नियम आहेत. फरक इतकाच की, येथे केवळ सेवाज्येष्ठतेवर भागत नाही.

हे सारे दूरदेशीचे असते तर या स्तंभात आम्ही त्याला जागा दिली नसती. परंतु गेल्या काही दशकांत हीच द्राक्षे मराठी मातीत रुजली आहेत. नारायणगावी शाम चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन केली. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन २००० साली निघाली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानंतर निफाडकडे यतीन पाटील यांच्या ‘रेव्हेलो’ने सिसिली बेटावरील नेरो दाव्होला लावले, दिंडोरी तालुक्यात ‘चारोसा’ने तेम्प्रानियो लावले. आपल्याला त्याहून जवळचे म्हणजे सोलापूर जिल्हा. तेथे अकलूजजवळ मोटेवाडीला मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी उभारली. फ्रातेल्ली या इटालियन शब्दाचा अर्थच ‘भाऊ’. तोस्कानाचे पिएरो मासी हे तिचे मुख्य मद्यनिर्माते झाले आणि सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून त्यांनी ‘सेत्ते’ ही वाइन केली. सेत्ते म्हणजे सात. हुसेनसागर एक्सप्रेसने मुंबईला जाताना सोलापूर स्थानकावर चहा घेणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की, त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला ‘जोव्हचे रक्त’ वेलींवर पिकते आहे?

दोन्हीकडच्या वेलींच्या आयुष्यात मात्र मोठे अंतर आहे. किआंतीची वेल हिवाळ्यात पानझड होऊन झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे देते. आपल्याकडे वेलीला तशी झोप नाही. म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो. फळ हाती येते ते जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. शेवटी ऊन तापू लागले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल झपाट्याने उतरते. तोडणीचा दिवस चार दिवसांनी चुकला तर जो कणा आम्ही वर सांगितला, तोच वाकतो. दक्षिणेतल्या तांबड्या वाइनचे मुरणे हा म्हणून केवळ प्रतिष्ठेचा विषय नाही. मोटेवाडीच्या शेतकऱ्याने कोणत्या दिवशी कात्री चालवली, यावर ते अवलंबून आहे.

आणि द्राक्षाच्या बाबतीत आपले हैदराबादही कोरडे नव्हते. १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी आपल्या बागेत लावलेले ‘अनाबे-शाही’ हे फिकट अंबर रंगाचे टपोरे द्राक्ष पुढे साऱ्या दक्षिणेत पसरले. शहराभोवती त्याचे मांडव होते. शहर वाढले, पाणी आटले आणि मांडवांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. राजेंद्रनगरच्या द्राक्ष संशोधन केंद्रात मात्र द्राक्षाचे वेल अजून जोपासले जातात. ते खाण्याचे द्राक्ष होते, मुरवण्याचे नव्हे. तरी एवढे खरे की, मुरण्यासाठी वस्तूच्या अंगी गुण असावा लागतो तसा तिला एका जागी निवांत राहू देणारा शेजारही लागतो.

आता चिक्कडपल्लीतील एका जेवणाची हकीकत सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त इटलीत असतो. शहर मध्यवर्ती ग्रंथालयाच्या मागच्या गल्लीत त्याचे घर आहे. गेल्या डिसेंबरात तो सपत्नीक आला तेव्हा नियमाप्रमाणे माणशी दोन लिटरच्या मर्यादेत तीन बाटल्या घेऊन आला : एक किआंती क्लासिको रिझर्व्हा, एक रिओहा क्रिआन्झा आणि एक २०११ सालची रिओहा ग्रान रिझर्व्हा. चौथी ‘सेत्ते’ त्याने येथेच घेतली. जेवणास आम्ही उभयता, एक निवृत्त वैद्य, शेजारचे तेलुगू भाषक ग्रंथपाल, तो व त्याची पत्नी असे सहा जण चाखणारे होतो. सातव्या त्याच्या मातोश्री. त्या चाखणार नव्हत्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान दारूपायी गेले. त्या काळात हा मुलगा आमच्या वर्गात होता, यापेक्षा अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. या जेवणाला त्यांनी संमती दिली ती एका अटीवर : प्रत्येकाला औषधाच्या मापाने तीस मिलिलिटर, चारही मिळून एकशेवीस, आणि मग बुचे बंद.

बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना क्रमांक दिले होते. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायला येतात तेव्हा विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असते. तोच न्याय. नाव दिसले की जीभ नावालाच गुण देते. जुनी बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवून साका तळाशी बसू दिला होता आणि मागे दिवा धरून ती सावकाश ओतली. पेले पांढऱ्या कागदावर तिरपे धरून रंग पाहिला. पहिल्या पेल्याची कड जांभळी, तिसऱ्याची विटकरी. पहिला पेला फळाचा आणि व्हॅनिलाचा, मोकळ्या हसण्याचा. दुसरा ताठ, आंबट-तुरट, चिंचेचे बोटूक चोखल्यासारखा. तिसरा मऊ. त्यातली तुरटी जिभेवर रेशमासारखी पसरून नाहीशी होत होती. वैद्यांना त्यात जुन्या द्राक्षासवाची आठवण झाली. चौथ्यात पिकलेपणा अधिक, गोडसर ऊब अधिक, पण मागे तुरटीची भिंत पक्की. दुसरा आणि चौथा यांत इटलीचा कोणता व सोलापूरचा कोणता, यावर सहापैकी दोघांनी उलटे मत दिले. पहिला आणि तिसरा मात्र एकाच कुळातले, एक तरुण आणि एक वृद्ध, हे सर्वांनी ओळखले.

मातोश्रींनी तिसरा पेला हाती घेऊन नुसता हुंगला आणि म्हणाल्या, “हा वास लोणच्याचा नाही, पण बरणी ठेवतो ना, त्या कोनाड्याचा आहे. हाच सगळ्यांत जुना.” ग्रंथपाल महाशयांनी हात जोडले. एक थेंबही न घेता त्यांनी जे सांगितले, ते आम्हां चाखणाऱ्यांना इतक्या नेमकेपणाने सांगता आले नव्हते. ज्या घराण्यात दरवर्षी कैरीचे लोणचे आणि आंध्राच्या चालीची आवकाय शेजारी शेजारी मुरते, त्या घरच्या नाकाला मुरलेपण परके नसते. नाकाला आणि जिभेला शिकवणारी शाळा स्वयंपाकघरातच असते.

जेवण साधेच होते आणि वाइनच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेले. तिखटाने मद्यार्काची आग वाढते, म्हणून मिरचीला आवर घातला होता. तुरटीला स्निग्ध आणि प्रथिनयुक्त पदार्थ मऊ करतात, म्हणून दाण्या-तिळाची भरली वांगी, काजूची उसळ, तुपाची धार घातलेले वरण आणि ज्वारीची भाकरी. भाकरीच्या घासाबरोबर दुसरा पेला एकदम शहाण्यासारखा वागू लागला, हे सर्वांच्याच ध्यानात आले. पुस्तकात लिहितात की तांबडी वाइन ‘घरातील तापमानाला’ घ्यावी. ते घर युरोपातले. सोळा ते अठरा अंश हे त्यांचे घर, म्हणून येथे डिसेंबरातही बाटल्या थोडा वेळ शीतकपाटात ठेवाव्या लागल्या.

पाने उचलल्यावर मातोश्री आम्हांला म्हणाल्या, “सर, आज तुम्ही सगळ्यांनी मोजून घेतलंत, बरं वाटलं. पण ह्याचे वडीलही सुरुवातीला मोजूनच घ्यायचे.” त्यावर कोणी काही बोलले नाही. मुलाने उठून चारही बाटल्यांची बुचे लावली.

त्या वाक्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही, आणि ते आहे असे भासवणे शिक्षकाला शोभणार नाही. चाखण्याची कला माणसाला व्यसनापासून वाचवतेच, असे आम्ही म्हणत नाही. एवढे मात्र पाहिले की, दोन पेले समोर ठेवून त्यांतला भेद शोधणारा माणूस घोटाघोटाला थांबतो आणि शब्द शोधतो. ढोसणाऱ्याला तुलना नको असते, आणि शब्द तर मुळीच नको असतात. ज्याला थांबता येत नाही हे ठाऊक आहे, किंवा ज्याच्या घराने ते दुःख पाहिले आहे, त्याने हुंगून पेला परत करावा. त्याच्या ज्ञानात त्यामुळे काही उणे राहत नाही, हे त्या रात्री सिद्ध झाले.

सोलापूरची वाइन पंधरा-वीस वर्षे मुरेल का? तिची तुरटी भक्कम आहे, हे आमच्या जिभेने सांगितले. आम्ल टिकेल का, हे काळ सांगेल. किआंतीच्या सीमा आखल्याला तीनशे वर्षे झाली आणि मोटेवाडीच्या वेली अजून विशीच्या आतबाहेर आहेत. अशा वयात निकाल लावणे अन्यायाचे होईल. ज्याला पाहायचे असेल त्याने बाटली अंधारात, आडवी आणि बारा ते पंधरा अंशांच्या गारव्यात ठेवावी. कोणी भेट दिली म्हणून हैदराबादच्या चार-पाच उन्हाळ्यांत कपाटावर उभी राहिलेली बाटली मुरलेली नसते, शिजलेली असते. तिची प्रतिष्ठा करू नये.

तरुण रसाच्या तुरटपणाची निंदा करू नये, हा दुसरा बोध आम्ही शाळेत नेला आहे. पहिल्या दिवशी ज्याची चव जीभ ओढते, त्याच्यातच पुढच्या वर्षांची शिदोरी असते. मुख्याध्यापकाच्या खोलीत तक्रार होऊन येणारी काही मुले आम्हांला हल्ली निराळी दिसतात.

वाइनला हातही न लावता हा प्रयोग करू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी शेवटी एक सूचना. यंदाच्या मे महिन्यात घातलेली आवकाय आणि गेल्या वर्षीच्या बरणीच्या तळाशी उरलेली आवकाय, दोन सारख्या वाट्यांत काढा. वाट्यांखाली चिठ्ठ्या ठेवा. साध्या गरम भाताबरोबर, मध्ये पाण्याचा घोट घेत, घरातील प्रत्येकाला चाखू द्या आणि कोणती जुनी एवढेच न विचारता, ‘कशावरून?’ हेही विचारा. मुलांना तुरट, आंबट, उग्र, मवाळ, खमंग हे शब्द तोंडी येऊ द्या. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मुलांच्या जिभेवरून चवी सहसा जात नाहीत, त्या चवींचे मराठी शब्द मात्र आधी जातात. ते शब्द टिकवायला एक वाटीभर लोणचे पुरेसे आहे.